पिंडाला पाणी

शेवटचं साधं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते म्हणजे केंद्रावरचा रांजण धुतला.

केंद्र म्हणजे खडी केंद्र. बहात्तरच्या दुष्काळात मिरजगावच्या अलीकडं आमच्या माळावर खडी फोडायचं काम निघालं होतं. अख्खा गाव तिथं दगडावर हातोडी मारत बसलेला. आणि तो लिंबाखाली औषधाची पेटी घेऊन बसलेला. कंपाउंडर होता. बोट ठेचलं तर पट्टी बांधायची, डोळ्यात कपची गेली तर काढायची, एवढ्यासाठी त्याला पाठवला होता. मी त्याच्याबद्दल 'ते' आणि 'त्यांनी' लिहीत नाही. लिहायला पाहिजे, वयानं मोठा होता, तोंडावर मी साहेबच म्हणायचो. पण आता हात वळत नाही.

तर रांजण. शनिवारची संध्याकाळ होती. मी रांजण आडवा धरलेला आणि तो खांद्यापर्यंत हात आत घालून काथ्यानं तळ घासत होता. डोकं पण आत. बोलला की आवाज घुमायचा.

"पैलवान, हा रांजण म्हणजे काय?"

"रांजन."

"मूत्राशय. ओटीपोटात असंच एक भांडं असतं. भरत आलं की सांगतं, रिकामं कर. नाही केलं, तळाला शिळं राहिलं, की कीड धरते. आणि कीड तळाला थांबत नाही. वर चढते."

"सायेब, आमी ह्याच्यातलंच पानी पितो. कशाला तोंडाची चव घालवता?"

तो आतल्या आत हसला. धुतलेलं पाणी आम्ही लिंबाच्या बुडात ओतलं. तेवढ्यात रस्त्यावर ट्रकनं भोंगा दिला. पलीकडच्या केंद्रावर जुलाब-उलट्यांची साथ होती, आठ दिवस त्याला तिकडं नेणार होते. शर्टाला हात पुसत त्यानं विचारलं, "बायको कशी आहे?"

"बरी न्हाई. कंबर धरून बसती. आग हुती म्हनती. थंडी वाजून ताप येतो."

त्यानं पेटी उघडली आणि कागदात पांढऱ्या गोळ्या बांधून दिल्या. "सल्फाची गोळी आहे. दिवसातून चार वेळा. आणि पिंडाला पाणी घाल. भरपूर. सकाळ-संध्याकाळ, चुकवू नकोस. पाणी चुकलं तर ही गोळी उलटते, सांगून ठेवतो."

"घालतो," मी म्हणालो.

ट्रक गेला. त्यानंतर नवव्या दिवशी माझी बायको मेली.

तो माणूस कसा होता ते सांगतो. उंच, वाळका, खाकी पँट, डोक्यावर पांढरी टोपी. सायकलच्या दांड्याला सुतळीनं बांधलेला पितळी तांब्या. मनगटावरचं घड्याळ बघून तासाला दोन घोट प्यायचा, तहान असो नसो. कुणी विचारलं तर शर्ट वर करून कुशीतला वण दाखवायचा. लांब, वाकडा, गोधडीला टाका घालावा तसा. "इथलं एक काढलंय. खडा झाला होता. उरलेल्या एकावर माझा संसार चाललाय." बायाबापड्या तोंड फिरवायच्या. त्याला त्याचं काही नाही.

राम राम नाही, नमस्कार नाही. भेटला की पहिला सवाल, "कितीदा? रंग?" आम्ही त्याला पाठीमागं मुतरा मास्तर म्हणायचो. त्याला ते ठाऊक होतं. एकदा तर मलाच म्हणाला, "मुतरा म्हणा, चालेल. पण मोजून या."

लिंबाजवळ भिंतीसारखा एक सपाट काळा खडक होता. त्यावर त्यानं चुन्यानं माणूस काढला होता, पाठमोरा. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन घेवड्याच्या बिया. त्यातून खाली उतरणाऱ्या दोन बारीक रेघा, खाली एक पिशवी, पिशवीला एक वाट. प्रत्येकापुढं शाईनं लिहावं तसं सुबक अक्षर. मूत्रपिंड. मूत्रवाहिनी. मूत्राशय. मूत्रमार्ग. दुपारी भाकरीच्या सुट्टीत पाच-पन्नास माणसं सावलीला आली की हा काठी घेऊन उभा.

"डावं पिंड जरा वर, उजवं जरा खाली. का? उजव्याच्या डोक्यावर यकृत बसलंय, ते दाबतं. मूठ वळा. एवढं एक. ह्याच्यात बारीक चाळण्या आहेत, डोळ्याला दिसायच्या नाहीत इतक्या बारीक. अंगातलं सगळं रक्त इथून फिरून फिरून गाळून जातं. मूत्र म्हणजे घाण नाही रे. ते रक्ताचं धुवण आहे. आणि हुशारी बघा. गाळलेलं सगळं पाणी पिंड सोडून देत नाही. बहुतेक परत घेतं. शेताला पाणी धरणारा चांगला दारकरी पाटाच्या शेवटाचं पाणी ओढ्याला सोडतो का? वळवून पुन्हा वाफ्यात घेतो. तसं."

हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. नंतर लोकांनी सांगितलं. मी त्या खडकाजवळ कधी उभा राहिलो नाही. काठी वर झाली की मी उठून चालायला लागायचो आणि जाताना मोठ्यानं म्हणायचो, "चला, मुतायची शाळा भरली." लोक हसायचे. मला ते हसणं गोड लागायचं.

शब्दाच्या बाबतीत तो फार सोवळा. आम्हाला सगळ्यांना एकच शब्द ठाऊक, गुर्दा. बोकड कापलं की वाट्यात येतो तो. कुणी गुर्दा म्हटलं की तो चिडायचा. "गुर्दा खाटकाच्या दुकानात. माणसाला पिंड असतं. स्वतःला टांगून घ्यायचंय का हुकाला?" एका रविवारी मात्र त्यानं बोकडाचाच गुर्दा आणला, दाढीच्या पात्यानं उभा चिरला आणि पानावर ठेवून सगळ्यांना आतली नक्षी दाखवली. तरी तोंडानं पिंडच म्हणत होता. एक म्हातारा म्हणाला, "कंपाउंडर, बोकडाचं बी पिंडच म्हनायचं का मग?" तो म्हणाला, "शिकवायला आणलंय तोवर पिंड. कालवणात टाकलं की गुर्दा."

मुकादमाची गोष्ट अजून गावात सांगतात. मुकादम रोज एकाच दगडाआड जायचा. तिथं मुंग्यांची रांग लागलेली ह्यानं बघितली. दुसऱ्या दिवशी बघितली, तिसऱ्या दिवशी बघितली. मग सगळ्यांसमोर मुकादमाच्या हातात काचेची नळी दिली.

"ह्यात करून आणा."

"माझ्या मुतावर पाळत ठिवतो व्हय रं?" मुकादम अंगावर धावून गेला.

"मी नाही. मुंग्या ठेवतात. मी फक्त त्यांचं ऐकतो."

शेवटी आणून दिली. ह्यानं त्यात निळं औषध घालून बत्तीवर उकळलं, ते विटेसारखं लाल झालं. साखर. मुकादमाचा चहा सुटला, गूळ सुटला, आणि मुकादम पुढं वीस वर्षं जगला. मुंग्यांचं ऐकणारा माणूस. मुंगीला कळलं ते मला कळलं नाही.

बायकांचं त्यानं पहिल्याच आठवड्यात ताडलं होतं. माळ उघडा, झुडूप म्हणून राहिलेलं नाही, सगळं सरपणाला गेलेलं. गडी पाठ फिरवून कुठंही मोकळा होतो. बाईनं काय करायचं? पहाटे जाऊन यायचं आणि दिवस मावळेपर्यंत धरायचं. धरायला लागू नये म्हणून प्यायचंच नाही. केंद्रावर रांजण दोन होते. त्यानं मुकादमाला विचारलं, "गड्यांचा रांजण दुपारी तळाला जातो. बायांचा संध्याकाळी अर्धा का?"

"बायांना तहान कमी आसती."

"बायांना लाज जास्त असते."

मग त्यानं केंद्रावर खायला वाटायच्या सुकडीची रिकामी पोती उसवली, चार बांबू रोवले आणि माळाच्या कडेला आडोसा उभा केला. आम्हा गड्यांना चेष्टेला कुरण मिळालं. "टुरिंग टॉकीज आली रं!" "तिकीट कितीला, सायेब?" असल्या ओरड्यात कोणती बाई आत जाईल? तरी दोन-तीन म्हाताऱ्या गेल्या, मग त्यांच्या सुना जायला लागल्या. माझी पण गेली. मग एक एक पोतं कमी व्हायला लागलं. कुणी डोक्यावर उन्हाला घेतलं, कुणी घरी नेलं. पंधरा दिवसांत नुसते बांबू राहिले.

त्यातलं एक पोतं माझ्या बुडाखाली होतं. दगड टोचत होता म्हणून.

बायकोनं ते ओळखलं. शेजारीच बसायची, मी मोठे दगड फोडायचो, ती बारीक करायची. हळूच म्हणाली, "अवो, त्ये बायांच्या आडोशाचं हाय."

"आसू दे. एकानं काय हुतंय?"

ती पुन्हा खडी बारीक करायला लागली. त्या दिवसापासून तिनं केंद्रावर पाणी प्यायचं सोडलं.

बायकांना रंग विचारायची त्याची वेगळी रीत होती. "आज गवती चहा का हळद?" बाया आधी पदरात हसायच्या, मग उत्तर द्यायला लागल्या. चहा म्हणजे बरं, हळद म्हणजे पाणी कमी. एके दिवशी माझ्यासमोर त्यानं माझ्या बायकोला विचारलं आणि ती खाली बघून म्हणाली, "काळा गूळ."

माझं डोकं फिरलं. परका माणूस माझ्या बायकोला हे विचारतो आणि ही सांगते! घरी आल्यावर मी तिला म्हणालो, पुन्हा त्याच्याशी बोललीस तर याद राख. तिकडं तो मुकादमाला सांगत होता, त्या बाईला बघितलं पाहिजे, बायांचा मूत्रमार्ग बोटाच्या दोन पेरांएवढा, कीड वर चढायला वेळ लागत नाही. हे पण मला नंतर कळलं. त्यानं दोनदा निरोप पाठवला. मी दोनदा म्हणालो, बरी हाय.

ती बरी नव्हती. कंबरेच्या जरा वर, मागं, हाताचा पंजा ठेवून उभी राहायची. भाकरी थापताना एक हात परातीत, एक हात पाठीवर. ताप चढला, दात वाजायला लागले, तेव्हा माझी मस्ती उतरली. त्या शनिवारी रांजण धरायला मी आपणहून गेलो ते त्यासाठी. माफी मागायची जीभ नव्हती, म्हणून रांजण धरला.

आणि तो म्हणाला, पिंडाला पाणी घाल.

मला नवलच वाटलं होतं. ह्या माणसाला कधी देवापुढं हात जोडताना बघितला नव्हता. पण म्हणलं, दवा देतोय तर जोडीला देव पण सांगतोय, शहाणा आहे. घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "मी कवाधरनं म्हनती. टेकडीवरच्या म्हादेवाला कोंडला तवापासनं कुनी तांब्याभर पानी घातलं का? कोपला आसंल." पाऊस पडावा म्हणून गावानं उन्हाळ्यात तिथला बिनछपराचा गाभारा भरून पिंड बुडवली होती. पाऊस आला नाही, आणि तिकडं पुन्हा कुणी फिरकलं नाही.

टँकरचं पाणी घराला दोन हंडे. त्यात माणसं, त्यात एक शेरडी. मी सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या घेऊन टेकडी चढायचो, अनवाणी, वाटेत कुणाशी बोलायचो नाही. पिंडीवर धार धरायचो. दगड इतका तापलेला असायचा की पाणी खाली येईपर्यंत निम्मं वाळायचं.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिचं तोंड सुजलं. गोळी घ्यायची ती घोटभर पाण्याबरोबर. आईनं वाटी पुढं केली तर म्हणाली, "नगं. हंडा तळाला गेलाय. त्यास्नी टेकडीला न्यायला ऱ्हाऊ द्या."

तिच्या वाटणीचं पाणी तिनं माझ्या हातात दिलं. मी ते नेलं. एक वेळ चुकवली नाही.

सातव्या दिवशी लघवी बंद झाली. मग उचक्या लागल्या, ओकारी लागली, माणूस ओळखेना. बैल छावणीत होते, गाडी जुंपायला काही नाही. चौघांनी बाज खांद्यावर घेतली, मिरजगावला जायचं, तिथून एस.टी.नं नगरला. अर्ध्या वाटेत आईनं बाज खाली ठेवायला सांगितली.

पुढं दहाव्याला भाताचा पिंड ठेवला. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, कसली इच्छा मागं नव्हती बिचारीची. तिथं पण तोच शब्द. मी मान खाली घालून बसलो होतो, नाहीतर मोठ्यानं हसलो असतो. कारण तोवर मला कळून चुकलं होतं.

कळलं ते तिसऱ्या दिवशी, राख सावडून आल्यावर. दिवस मावळताना तो आला. तिकडं आठाचे अकरा दिवस लागले होते, खप्पड झाला होता. ओट्यावर बसला, तांब्या शेजारी ठेवला. मग म्हणाला, "गोळ्या दिल्यास?"

"सगळ्या."

"पाणी?"

"घातलं. सकाळ-संध्याकाळ. तांब्या भरून."

"रोज दोन तांबे?" त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "आणि तरी लघवी बंद झाली? असं व्हायचं नाही. दोन तांबे वरचे पोटात गेल्यावर..."

"पोटात कशाला? पिंडीवर."

"कशावर?"

"म्हादेवाच्या. टेकडीवरच्या. तुमीच म्हनला न्हवं."

आत आईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. तो अगदी हळू म्हणाला, "पिंडाला. मी पिंडाला म्हणालो होतो रे."

"मी बी त्येच ऐकलं."

मी चौथी शिकलेला माणूस आहे. पिंडाला काना असतो आणि पिंडीला वेलांटी, हे मला त्या ओट्यावर कळलं. कानाला दोन्ही सारखेच लागले होते. केंद्रावरच्या कुठल्याही पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं, ह्या माणसाच्या तोंडात पिंड म्हणजे पाठीतलं. सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेतनं उठून जात होतो तो मी एकटा.

"तिनं स्वतः किती प्यायलं?" त्यानं विचारलं.

"गोळीपुरतं."

मला वाटलं, हा आता मला मारतो. मारायला पाहिजे होतं. किंवा मी त्याला मारायला पाहिजे होतं. 'पाज' म्हणायला काय झालं होतं? 'बायकोला पाणी पाज.' चार अक्षरं कमी शिकला असता तर बोलला असता. पन्नास वर्षं झाली, रोज त्याच्याशी हे भांडतो. रोज शेवटी माझ्या बुडाखालचं पोतं आठवतं आणि भांडण तिथंच अडतं.

आता माझ्याच कमरेला नळी आणि पिशवी आहे. गेल्या साली नगरला डॉक्टरच्या भिंतीवर ते चित्र बघितलं, रंगीत. मी बोट ठेवून सगळं सांगितलं, डावं का वर, उजवं का खाली, पाणी परत कसं घेतं. पोरगेला डॉक्टर म्हणाला, "बाबा, शाळा किती झाली तुमची?" मी म्हणालो, "एक दिवस."

तो दिवस सांगतो आणि संपवतो. त्या संध्याकाळी तो उठला आणि निघाला. तांब्या ओट्यावरच विसरला. सुतकात कोणी कामाला जात नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरात बसू शकलो नाही. तांब्या घेऊन केंद्रावर गेलो. माणसं अजून यायची होती. तो खडकापुढं उभा होता, हातात ओलं पोतं. चुन्यानं लिहिलेली ती सुबक अक्षरं घासून काढत होता. खडक भिजून काळाभोर झाला होता. मग त्यानं गेरू उचलला आणि दोन घेवड्याच्या बियांपुढं जाड, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं. मागं वळला, मला बघितलं.

"वाच."

मी एक एक अक्षर जुळवून वाचलं. "गुर्दा."

"कुठं असतो?"

मी तांब्या खाली ठेवला आणि हात मागं नेला. कंबरेच्या जरा वर. ती ठेवायची तिथं.